पानं रंगतात कुठे आणि कधी? महाराष्ट्राचं रंगीत वेळापत्रक

ऑक्टोबर उजाडला की चिनार बघायला काश्मीरच्या आणि मेपल बघायला जपानच्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात. जमेल त्याने जरूर जावं. पण महाराष्ट्रातल्या झाडांचाही रंगांचा हंगाम असतो, आणि तो महिन्याभरात आटोपत नाही. दिवाळीच्या सुमारास सुरू होतो तो मे उजाडला तरी चालूच असतो. थंड देशांत पानं मुख्यतः गळण्याआधी रंगतात. आपल्याकडची कित्येक झाडं लाल पानं घेऊनच पालवतात. म्हणून आपला सगळ्यात भडक हंगाम येतो तो फाल्गुन-चैत्रात, भर उन्हात, जेव्हा आपण पडदे ओढून घरात बसलेलो असतो. चला तर, कोणतं झाड, कुठे आणि केव्हा गाठायचं ते बघू.

१. पहिला मान गवताचा
कधी: ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर. कुठे: पुणे, सातारा, नाशिककडचे डोंगर, गडांचे माथे, सडे.

पाऊस थांबला की सर्वांत आधी रंगतं ते गवत. त्याची मुळं उथळ असतात. जमिनीचा वरचा थर वाळला की हिरवा डोंगर पंधरा-वीस दिवसांत सोनेरी होतो. नीट पाहिलं तर त्यातही छटा आहेत: कुठे पिवळा, कुठे तांबूस, कुठे जवळजवळ जांभळट पट्टा. परतताना मोज्यांत अडकलेलं एखादं कुसळ फेकू नका. ते तळहातावर ठेवा आणि पाण्याचा एक थेंब टाका. पीळ सुटू लागतो आणि कुसळ स्वतःभोवती फिरतं. ओल आणि ऊन यांच्या आलटून-पालटून येण्यावर कुसळी गवताचं बी असंच जमिनीत शिरतं.

२. बदाम: किनाऱ्यावरचा लाल
कधी: डिसेंबर ते फेब्रुवारी. कुठे: मुंबईच्या सोसायट्या, अलिबागपासून सिंधुदुर्गापर्यंतची किनारपट्टी.

गळण्याआधी लालभडक होणारं झाड मुंबईकरांना लांब शोधायला नको, ते बहुधा पार्किंगमध्येच उभं असतं. हा सुक्यामेव्यातला बदाम नव्हे, हा जंगली बदाम. फांद्यांचे आडवे मजले हीच त्याची खूण. पान पिवळं, केशरी, मग गर्द लाल होतं, आणि एकाच फांदीवर हे सगळे टप्पे एकदम दिसतात. बऱ्याच झाडांची पानं वर्षात दोनदा झडतात, त्यामुळे हिवाळा हुकला तरी पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा संधी मिळते. फायटर मासे पाळणारे लोक ही वाळलेली पानं जपून ठेवतात. टाकीत एक पान टाकलं की त्यातली टॅनिन द्रव्यं उतरतात, पाणी तपकिरी होतं आणि माशांना ते मानवतं. फळांचा प्रसार करतात वटवाघळं. सकाळी गच्चीवर अर्धवट कुरतडलेला बदाम सापडला तर तो रात्रीच्या पाहुण्याने टाकलेला समजा.

३. साग: जाळीचं पान आणि हातावरचा रंग
कधी: नोव्हेंबर ते जानेवारी. कुठे: मेळघाट, ताडोबा, पेंच, गडचिरोलीतलं आलापल्ली.

सागाची पानगळ आधी ऐकू येते, मग दिसते. सुपाएवढं पान खाली येताना फांद्यांवर आपटत येतं, आणि वाळलेल्या पानांच्या थरावर चितळ चाललं तरी जंगलभर कुरकुर होते. व्याघ्रप्रकल्पांतले गाइड गाडी बंद करून कान देतात ते उगीच नाही. काही पानांवर फक्त शिरांची जाळी उरलेली दिसेल. ती एका पतंगाच्या अळीची करामत असते. शिरांमधला हिरवा गर खाऊन ती सांगाडा तेवढा मागे ठेवते. आता दुसरा खेळ: कोवळं पान मिळालं तर दोन तळव्यांमध्ये चोळून बघा. हात लाल होतात, आणि तो रंग साबणालाही लगेच दाद देत नाही. सागाची खरी ओळख पटवून देणारी याहून सोपी खूण नाही.

४. धावडा: सातपुड्याचा तांबा
कधी: डिसेंबर ते फेब्रुवारी. कुठे: चिखलदरा, सेमाडोह आणि मेळघाटातले डोंगरउतार.

थंडीने रंगलेला डोंगर बघायचा असेल तर चिखलदऱ्याची वाट धरा. इथे धावड्याची पानं गळण्यापूर्वी तांबूस-तपकिरी होतात आणि अख्खे उतार त्या रंगात न्हातात. हिवाळ्यात डिंकाचे लाडू करता ना? धावड्याचा डिंक त्यासाठी नावाजलेला आहे. लाकूड इतकं चिवट की कुऱ्हाडीचे दांडे आणि बैलगाडीचे आस त्याचेच करत. मेळघाट हा १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्प योजनेतल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. त्यामुळे धावडा बघताना रस्त्यावरच्या पाऊलखुणांकडेही लक्ष असू द्या.

५. कांडोळ: पानांवाचून देखणं
कधी: जानेवारी ते मार्च. कुठे: ताडोबा, पेंच, मेळघाटातल्या खडकाळ टेकड्या.

पानं गेल्यावर जे उठून दिसतं ते कांडोळाचं झाड. पांढरट, गुळगुळीत खोड, पसरलेल्या फांद्या, अंगावर एक पान नाही. चांदण्या रात्री ते लांबून चमकतं, म्हणून त्याला भुताचं झाड म्हणतात. त्याचा डिंक औषधांत आणि खाद्यपदार्थांत वापरला जातो. सफारीत वाघ दिसला नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी पुढच्या वळणावर हे झाड शोधावं.

६. पळस: आधी फुलं, मग पानं
कधी: फुलं फेब्रुवारी-मार्च, नवी पानं एप्रिल-मे. कुठे: नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, मराठवाड्यातली माळरानं.

पळसाची फुलं सगळ्यांना ठाऊक असतात. रंगपंचमीला ती पाण्यात उकळून केशरी रंग काढायची रीत जुनी आहे. पण बहर ओसरल्यावर गाडी न थांबवता पुढे निघून जाऊ नका. त्यानंतर येणारी कोवळी पानं मखमली लवेची असतात, हाताला थेट रेशमी लागतात. कुठेही गेलात तरी पळसाला पानं तीनच, आणि त्यातलं मधलं सर्वांत मोठं. हीच पानं पुढे जून, जाड झाली की काड्यांनी टाचून पत्रावळी आणि द्रोण होतात. एखाद्या झाडावर केशरीऐवजी पिवळी फुलं दिसली तर जरूर थांबा, तो दुर्मीळ पिवळा पळस असतो.

७. कुसुंब: या हंगामाचा राजा
कधी: फेब्रुवारी अखेर ते एप्रिलची सुरुवात. कुठे: ताम्हिणीसह सह्याद्रीचे घाट, कोकण, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, मेळघाट.

वर्षभरात एकच झाड बघायला वेळ असेल तर ते हे. कोकणात याला कोशिंब म्हणतात. फाल्गुनात आजूबाजूचं रान करडं पडलेलं असताना कुसुंब एकदम लाल पेटतो, आणि नवखा माणूस हमखास विचारतो, ‘ही कसली फुलं?’ फुलं नव्हेत, ती पानं. त्याची खरी फुलं बारीक, पिवळट-हिरवी, सहज नजरेत न भरणारी. पालवी सुरुवातीला किरमिजी, मग नारिंगी, मग पोपटी, आणि शेवटी गर्द हिरवी होते. दोन शेजारची झाडंही एका छटेची नसतात. लाल टप्पा टिकतो जेमतेम पंधरवडाभर, म्हणून ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ म्हणणाऱ्याला हिरवं झाड भेटतं.

कुसुंबाचे उद्योग मोठे आहेत. लाखेचा किडा पळसावरही वाढतो आणि बोरीवरही, पण कुसुंबावरची लाख सर्वांत उत्तम प्रतीची मानतात. बियांचं तेल निघतं. १९व्या शतकात इंग्लंडमध्ये मकासर तेल नावाचं केशतेल इतकं गाजलं, की त्याचे डाग पडू नयेत म्हणून खुर्च्यांच्या पाठींवर कापडं टाकायची पद्धत पडली. कुसुंबाचं तेलही त्याच नावाने ओळखलं जातं. आणि उन्हाळ्याच्या शेवटी येणारी आंबटगोड फळं रानातल्या पोरांची.

मध्येच एक प्रश्न: कोवळी पानं लाल का?

पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. कुसुंब, आंबा, पिंपळ यांच्या नव्या पानांत ते सुरुवातीला फार कमी असतं आणि अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य भरपूर. अँथोसायनिन कोवळ्या पेशींचं कडक उन्हापासून रक्षण करतं, असं एक मत आहे. दुसरं मत असं, की लाल, पोषण कमी असलेलं पान किड्यांना आकर्षक वाटत नाही. झाड हरितद्रव्याची गुंतवणूक पान थोडं जून झाल्यावरच करतं, म्हणजे खाल्लं गेलं तरी नुकसान थोडं.

पण भर उन्हाळ्यात, पाऊस लांब असताना पालवायचं कशासाठी? पानं झडली की पाण्याची वाफ होणं थांबतं, खोडात पुन्हा पाणी साठतं, आणि त्या साठ्यावर नवी पानं फुटतात. फायदा किड्यांच्या वेळापत्रकात आहे. पानं खाणाऱ्या किड्यांची फौज पावसाबरोबर वाढते. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात मुरली आणि सुकुमार यांनी केलेल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं: कोरड्या दिवसांत पालवणाऱ्या झाडांची पानं किड्यांनी कमी खाल्ली. पाऊस येईपर्यंत ती पानं जून आणि टणक झालेली असतात.

८. पिंपळ: गुलाबी आठवडा
कधी: मार्च-एप्रिल. कुठे: कोणत्याही गावाचा पार, शहरातलं कोणतंही जुनं देऊळ.

पिंपळ झडतो आणि काही दिवसांतच गुलाबी-तांबूस, तुकतुकीत पालवी घालतो. सकाळी नऊच्या आत, सूर्य पानांच्या मागे असताना झाडाखाली उभे राहा. उजेड पानांतून आरपार येतो आणि शिरन्‌शीर दिसते. वारा पडलेला असतानाही पिंपळ सळसळतो, कारण देठ लांब आणि लवचीक असतो. पिंपळाचं पान काही आठवडे पाण्यात ठेवलं तर गर कुजून जातो आणि जाळी उरते. सागावर जे काम अळी करते, ते इथे पाणी करतं. कातळकड्यांवर आणि गडांच्या तटांत उगवणारा पायर हा पिंपळाचा भाऊबंद. उन्हाळ्यात ट्रेक करणाऱ्यांना त्याचीही लालसर पालवी भेटते.

९. कडुनिंब: पाडव्याचं पान
कधी: मार्च-एप्रिल. कुठे: मराठवाडा, सोलापूर, नगरकडचे रस्ते.

गुढीला बांधतो आणि गुळाबरोबर खातो तो कडुनिंबाचा पाला त्याच दिवसांत नवा आलेला असतो. डहाळीचा अगदी शेंडा बघा: टोकाची पानं लालसर, त्याखालची पोपटी, आणखी खाली हिरवी. एका वीतभर डहाळीत पालवीचं पूर्ण वय वाचता येतं.

१०. आंबा: रंग सुंदर, बागायतदार चिंतेत
कधी: वर्षातून अनेकदा. कुठे: रत्नागिरी, देवगड आणि तुमच्या परसात.

आंब्याची नवी पानं वाइनच्या रंगाची, मऊ आणि देठापासून खाली लोंबणारी. प्रवाशाला बघायला गोड, पण पाऊस लांबून ऑक्टोबर-नोव्हेंबरात ही पालवी फुटली, की कोकणातला बागायतदार कपाळाला हात लावतो. झाडाने जोर पानांत घातला की मोहर लांबतो, आणि मोहर लांबला की हापूस बाजारात उशिरा येतो. तेव्हा एप्रिलच्या पेटीचा भाव दिवाळीच्या सुमारास पानं बघूनच थोडा कळायला लागतो.

११. सीता अशोक आणि उर्वशी: झाडावरची झुंबरं
कधी: नव्या पालवीच्या प्रत्येक वेळी, उन्हाळ्यात अधिक. कुठे: कोकणातल्या ओढ्याकाठची रानं, मुंबईत भायखळ्याची राणीची बाग.

सीता अशोकाची पालवी अवघडून उभी राहत नाही. ती तांबूस झुबक्यांनी सरळ खाली लटकते. पान भराभर वाढतं, पण त्याला ताठपणा देणारं द्रव्य नंतर तयार होतं, म्हणून सुरुवातीचे दिवस ते असं सैल लोंबतं. त्याचा फायदा असा, की डोक्यावरचं ऊन अंगावर सपाट पडत नाही. ब्रह्मदेशातून आलेल्या उर्वशीची पालवीही अशीच. शोभेसाठी लावतात तो सरळसोट उंच ‘अशोक’ वेगळा, खरा हा.

१२. मोह: पहाटेचं झाड
कधी: मार्च-एप्रिल. कुठे: गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट.

मोहाची पानं झडतात, मग रसाळ फुलं येतात आणि पहाटे टपटप गळतात. बायका-मुलं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली हजर. फुलं ओसरता ओसरता तांब्याच्या रंगाची पालवी येते. फुलं सहज वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची सवय आहे, आणि तिथूनच कधी कधी वणवा पेटतो. त्यावर उपाय म्हणून झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या पसरतात. फुलं स्वच्छ मिळतात आणि आगही लागत नाही.

याच पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये तेंदूची कोवळी पानं विडीसाठी तोडतात. चांगली पालवी यावी म्हणून आधी झुडपं छाटली जातात, कुठे कुठे आगही लावली जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूतोड बंद ठेवायचं ठरवलं आणि बांबूवर आपला संसार उभा केला. पान झाडावरच राहू देणं हाही गावाने विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, हे या गावाने दाखवून दिलं.

झटपट पाच
• दसऱ्याला सोनं म्हणून मिळणारी पानं पुष्कळदा आपट्याऐवजी कांचनाची असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त.
• करंज मार्च-एप्रिलमध्ये झडतो आणि आठवडाभरात झळझळीत पोपटी होतो. रस्ता उजळवणारा याच्याइतका ताजा हिरवा दुसरा नाही.
• राज्यफूल ताम्हण मे महिन्यात जांभळं फुलतं, हे माहीत असतं. हिवाळ्यात गळण्याआधी त्याची पानंही तांबूस होतात.
• ऐनाचं खोड मगरीच्या पाठीसारखं भेगाळलेलं असतं, आणि कोरड्या दिवसांत ते पाणी साठवून ठेवतं. याच ऐनाच्या पानांवर पूर्व विदर्भात टसर रेशमाचे किडे वाढवतात.
• कोकम आणि दालचिनी यांची कोवळी पानंही लालसर असतात. कोकणातल्या वाडीत उभं राहून हे दोन्ही रंग एका वेळी बघता येतात.

तारीख कशी ठरवायची?
कॅलेंडरपेक्षा पावसाकडे बघा. पाऊस लवकर आटोपला की पानगळही लवकर. कोरड्या भागातली झाडं आधी झडतात, ओल्या भागातली मागाहून. एकाच डोंगरावर खडकाळ उतार आधी रंगतो आणि ओढ्याकाठ सर्वांत शेवटी. म्हणून एखादा उतार हुकला तर खाली नाल्यात उतरा, तिथे हंगाम अजून शिल्लक असतो. वेळ सकाळची किंवा चार वाजल्यानंतरची निवडा. उभं राहायचं ते सूर्याकडे तोंड करून, पान आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असं. फोटोतला फरक लगेच कळेल.

आणि काडीपेटी घरी ठेवा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्या वनखात्याचा वणव्याचा काळ. वनमजूर या दिवसांत जाळरेषा साफ करत फिरतात, आणि एका विझवायच्या राहिलेल्या विडीने त्यांची महिन्याभराची मेहनत वाया जाते. शहरातला पाचोळाही जाळू नका. सोसायटीच्या कोपऱ्यात विटांचा हौद करून त्यात तो टाका, अधूनमधून पाणी मारा. काही महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत हाताशी येतं.

शेवटी एक आग्रहाची मागणी. बदाम आणि पिंपळ शहरांत भरपूर आहेत, पण कुसुंब, धावडा, सीता अशोक ही आपल्या मातीतली झाडं रस्त्यांच्या कडेला फार थोडी दिसतात, आणि घाटांतली जुनी झाडं रस्ते रुंद होताना जातात. कुसुंबाची वाढ संथ आहे, पण सावली दाट आहे आणि आयुष्य मोठं आहे. या जुलैत सोसायटीत, शाळेच्या आवारात किंवा शेताच्या बांधावर खड्डा खणाल, तेव्हा रोपवाटिकेत जे समोर ठेवलं असेल ते उचलू नका. कुसुंबाचं रोप मागा, नसेल तर आणून द्यायला सांगा. मागणी आली की रोपवाटिकाही ती रोपं करतात.